जामीन राहिलेली आत्या

ये गं, अशी जवळ ये. दारातल्या पाहुण्यासारखी लांबून काय बोलतेस माझ्याशी? "आत्या, बरी आहेस ना, गोळ्या घेतेस ना, ठेवू का?" झालं तुझं बोलणं. तुमची रहाटणी काय परमुलखात आहे? रोज तळवड्याला कंपनीत येतेस, तिथून चाकणचा रस्ता धरला की आलंच आमचं गाव. पण तुझी गाडी तेवढी इकडे वळत नाही. किती महिने झाले ते मी मोजत नाही, मोजलं की राग येतो आणि रागाने माझं बीपी वाढतं. मग तूच पुन्हा विचारणार, गोळ्या घेतेस ना?

तुझी आई मला सगळं सांगते. त्या चिंचवडच्या स्थळाकडची माणसं आली, सगळं जुळत आलं, आणि त्यांच्यातल्या कुणा काकाने तुझ्यादेखत विचारलं, "मुलीचे वडील तुरुंगात होते म्हणे?" तेव्हापासून तू बापाशी बोलत नाहीस. तो घरात आला की कानात ती गाण्याची बोंडकं घालून बसतेस. तुला राग आहे तो तुरुंगाचा कमी, लपवल्याचा जास्त, हे मला कळतं. पण तुझ्या बापाला ही गोष्ट सांगता यायची नाही. सांगायला बसला तर मधेच रडेल. म्हणून मी लिहिते आहे. माझं अक्षर वाकडं आहे, शाळा मी कुंपणाबाहेरून बघितलेली. तू वाचून घे.

आमच्या घरामागच्या खोल्या तुला आठवतात ना? पत्र्याच्या, एका ओळीतल्या, पुढे एकच नळ. तुझा जन्म व्हायच्या आधीची गोष्ट आहे ही. तेव्हा चाकणला कंपन्या नव्या नव्या उभ्या राहत होत्या. आमची बरीचशी जमीन त्यात गेली, राहिला तो विहिरीजवळचा तुकडा. तुझे आतोबा गेल्यावर, म्हणजे माझे मालक गेल्यावर, वाटणीत तो माझ्या एकटीच्या नावावर झाला. आणि खोल्यांत कुठून कुठून माणसं यायला लागली. सकाळी नळावर कान दिला तर सगळा महाराष्ट्र बोलायचा. कोकणातली एक बाई नाकात बोलायची, आणि शेवटच्या खोलीतून लातूरकडचा आवाज यायचा, "काय करलालाव, आक्का?"

तो तुझा बाप. काटकुळा, कपाळावर केस आलेले, नवंनवं लग्न झालेलं. गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका छोट्या कंपनीत ठेकेदाराकडे कामाला होता. मला पहिल्या दिवसापासून आक्का म्हणायचा. त्यांच्याकडे थोरल्या बहिणीला म्हणतात तसं. मी म्हणायचे, "आक्का म्हण न्हाईतर काकी म्हण, पण नळ बंद करत जा." रात्रपाळी करून आला तरी झोपायच्या आधी माझ्या कांद्याच्या वाफ्यांत डोकावायचा. मोटर बिघडली की मी हाक मारायच्या आत हा विहिरीत उतरलेला. आणि तुझी आई ज्वारीची भाकरी अशी पातळ थापायची की आमची बाजरीची तिच्यापुढे गोवरी वाटावी. संध्याकाळी सगळ्या चुली एकदम पेटायच्या, आणि कुणाच्या घरी काय शिजतंय ते वासावरून ओळखायची आमची पैज लागायची. तुमच्या सोसायटीत आता शेजारच्या घरात काय शिजतं ते कळतं का गं?

तर तुझ्या आईला दिवस गेलेले होते, तुझे. आणि एक दिवस कंपनीच्या फाटकाशी दोन पाळ्यांच्या पोरांत मारामारी झाली. कशावरून, तर बसमधल्या जागेवरून. तुझा बाप सोडवायला मधे पडला. हातात जेवणाचा डबा. ढकलाढकलीत तो डबा एकाच्या कपाळावर बसला आणि रक्त आलं. पोलीस आले, हाताला लागले त्यांना घेऊन गेले. कागदावर लिहिलं, लोखंडी वस्तूने डोक्यात मारलं. ती लोखंडी वस्तू म्हणजे माझा स्टीलचा डबा, मीच त्याला दिलेला, वरच्या कप्प्यात मेथीची भाजी. डबासुद्धा जप्त झाला. भाजीचं काय केलं देव जाणे.

मग पुण्याच्या तुरुंगात. अजून खटला चालला नाही, कुणी दोषी ठरवलेला नाही, तरी आत. मला हेच कळत नव्हतं. मी तुझ्या आईबरोबर एकदा भेटीला गेले. रांगेत उभं राहून राहून तिचे पाय सुजले. जाळीपलीकडे तो आला, दाढी वाढलेली, आणि अवघडलेल्या बायकोकडे बघवेना म्हणून माझ्याकडे बघत म्हणाला, "आक्का, हळव्या कांद्याची काढणी झाली का?" मी म्हटलं, "तू ये, मग काढू." भेटीची वेळ संपल्यावर सगळ्या बायका वळल्या, तुझी आई जाळीला धरून उभी.

पुढे एका दिवशी वाण्याच्या दुकानात वकिलाचा फोन आला, जामीन मंजूर झाला. अगं, काय सांगू तुला! जामीन झाला म्हणजे माणूस सुटला, एवढंच आम्हाला ठाऊक. मी पुरण घातलं. कोकणातल्या बाईने नारळ फोडला. सगळ्या खोल्यांतली माणसं अंगणात. बाहेरून आलेल्याच्या अंगावरून ओवाळून टाकायला मी भाकरीचा तुकडा आणि तांब्याभर पाणी घेऊन दारात उभी, तुझी आई माझ्या मागे नवी साडी नेसून. कंपनीच्या बसा आल्या, गेल्या. दर बसला आम्ही माना उंच करायचो. ऊन उतरलं, पुरण गार झालं, आणि तो काही आला नाही. भाकरीचा तुकडा माझ्या हातातच वाळला.

दुसऱ्या दिवशी वकील आला. चिंचवडचा तरुण पोरगा होता, मोटारसायकलवर यायचा, मनाने चांगला. म्हणाला, "मावशी, जामीन मंजूर झालाय, पण जामीनदार कुठंय? इथला माणूस लागतो. त्याच्या नावावर मालमत्ता पाहिजे, रेशन कार्ड इथलं पाहिजे. तो कोर्टात उभा राहून म्हणणार, हा तारखेला येईल, नाही आला तर माझ्याकडून वसूल करा. असा माणूस मिळेपर्यंत तो आतच."

"म्हंजी कोर्ट म्हनतं जा, तरी जाता येत न्हाई?"

"तसंच."

आता नवीन गावात कामाला आलेल्या पोराला असा माणूस कुठला? सोबतचे सगळे त्याच्यासारखेच, भाड्याच्या खोलीतले. त्याच सुमाराला तुझ्या आईचे वडील आले, तुझे आजोबा. पहिलं बाळंतपण माहेरी करायचं म्हणून लेकीला न्यायला. पिशवीत प्लास्टिकमध्ये गुंडाळून आपल्या जमिनीचा सातबाराही आणलेला, जावयाला जामीन राहायला. वकील म्हणाला, "आजोबा, तुमची जमीन लांबच्या जिल्ह्यात. तिकडून पडताळणी होऊन येईपर्यंत फार वेळ जाईल, आणि दिवाळीची सुट्टी तोंडावर आली आहे. सुट्टीच्या आधी झालं तर झालं."

आजोबांनी सातबारा पुन्हा प्लास्टिकमध्ये गुंडाळला. म्हणाले, "माझी जमीन खरी नाही का?"

आणि तुझी आई काय म्हणाली? "ह्यांना सोबत घेतल्याबिगर मी येणार नाही." पोट तेवढं मोठं झालेलं. अजून थोडे दिवस गेले तर एसटीचा प्रवासच झेपणार नाही, हे तिलाही माहीत, आजोबांनाही माहीत. पण बसली खोलीच्या उंबऱ्यात, पाय पसरून. तू आहेस ना हट्टी, ते तिथून आलंय.

गावात मी चार ठिकाणी बोलून बघितलं. सगळ्यांना तुझ्या बापाबद्दल वाईट वाटायचं, पण जमिनीचं नाव काढलं की चहा आणायला उठायचे. माझा धाकटा दीर तर माझ्यावरच चढला. तुला माहीतच आहे त्यांचा आवाज.

"वहिनी, शुद्धीवर हाय का? भाडेकरू आज हाय, उद्या न्हाई. त्यो पळाला लातूरला, मग तुमचा तुकडा गेला म्हणून समजा."

"भावजी, पळायला त्याला पाय कुठं हायती? बायको हितं बसलीय."

"बायकोला बी घिऊन पळंल! सगळं गेलं कंपनीत, येवढा राहिलाय. त्यो बी घालवा."

खोटं नव्हते बोलत ते. मलाही भीती होती. त्या तुकड्याशिवाय माझं म्हणून काही नव्हतं. मी त्यांना नाही म्हटलं नाही आणि हो पण म्हटलं नाही.

मग एका सकाळी विहिरीवर गेले तर तुझे आजोबा माझ्या वाफ्यात. उन्हाळी कांद्याचं रोप टाकलं होतं, बोटभर वर आलेलं. हे गृहस्थ धोतर खोचून उकिडवे बसलेले आणि गवत खुरपत होते. कुणी सांगितलं नव्हतं. मला बघून ओशाळले. म्हणाले, "हाताला काम नाही बघा. रोप चांगलं आलंय. एवढा पाण्याचा ताण सोसू द्या त्याला." आणि खुरपलेल्या ओळीतली माती मुठीत घेऊन दाबून बघितली, आपण आपल्या रानात बघतो तशी. तेवढंच. मी घरी आले, पेटीतून सातबारा काढला, रेशन कार्ड काढलं, आणि भावजींना निरोप धाडला, उद्या कोर्टात जायचंय, बरोबर यायचं असेल तर या, नसेल तर मी एकटी एसटीने जाते.

आले. तोंड फुगवून, पण धुतलेली टोपी घालून आले.

तालुक्याच्या कोर्टात मी पहिल्यांदाच पाऊल ठेवलं. वकिलाने मला वाटेतच पढवलं होतं. "मावशी, साहेबांनी विचारलं आरोपी कोण, तर म्हणायचं, माझा भाडेकरू आहे, चांगला ओळखते. बास. जास्त बोलायचं नाही." मी घोकत बसले. भाडेकरू आहे, चांगला ओळखते. भावजी बाजूला बसून पुटपुटत होते, "जास्त बोलायचं न्हाई म्हनं. आमच्या वहिनीला!"

पुकारा झाला. मी पिंजऱ्यात उभी राहिले, शपथ घेतली. समोर टेबलावर माझा सातबारा, माझं रेशन कार्ड. जज्जसाहेबांनी चष्म्यावरून बघितलं.

"आरोपी तुमचा कोण?"

आणि काय झालं मला देव जाणे. भाडेकरू हा शब्द ओठावर आला आणि इतका पातळ वाटला, की त्याच्यावर कोण विश्वास ठेवणार? आज हाय, उद्या न्हाई.

"भाऊ हाय, साहेब."

वकिलाने कपाळाला हात लावला. मागच्या बाकावर भावजींना जोरात ठसका लागला.

"भाऊ?" साहेबांनी कागद वरखाली केला. "तुम्ही इथल्या. आरोपी लातूर जिल्ह्यातला. सख्खा?"

"न्हाई."

"चुलत? मावस?"

"न्हाई, साहेब."

"बाई, शपथेवर बोलताय तुम्ही. इथे पैसे घेऊन जामीन राहणारे लोक येतात, कुणाचेही भाऊ आणि कुणाचेही मामा होऊन. तुम्ही त्यातल्या का?"

वाटलं, आता हे कागद माझ्या हातात परत देणार, आणि ती पोर उंबऱ्यात बसलेली तशीच बसणार. मग म्हटलं, बोलायचंच आहे तर बोलून घ्यावं.

"साहेब, मला भाऊ न्हाई. भाऊबीजेला मी चंद्राला ओवाळते. ह्यो माझ्या खोलीत भाड्यानं राहतो. मला आक्का म्हनतो. माझी मोटर बिघडली की बोलवायच्या आधी विहिरीत उतरतो. म्हणून तोंडात भाऊ आलं. चुकलं आसंल तर भाडेकरू लिवा. पर त्यो पळायचा न्हाई. त्याची बायको माझ्या घरात हाय, तिचे दिवस भरत आल्यात. तिला टाकून पळणारा आसता, तर मीच त्याला धरून तुमच्या म्होरं आणला आसता."

कुणीतरी हसलं. साहेब हसले नाहीत. त्यांनी मागे बघितलं. "मघाशी खोकले ते कोण?"

भावजी उठले. "दीर हाय साहेब मी ह्यांचा."

"तुमची काही हरकत आहे का ह्या जामिनाला?"

मी डोळेच मिटले. घरी आठवडाभर जे ऐकलं होतं, ते आता इथे ऐकायचं. भावजींनी टोपी काढली, फिरवली, पुन्हा घातली.

"हरकत व्हती, साहेब. खोटं कशाला बोलू. पर वहिनीनं येवढ्या माणसांत त्याला भाऊ म्हटलं. म्हंजी आता त्यो आमचा पाव्हणा झाला. पाव्हण्याला आत ठिऊन आमी दिवाळी कशी करावी? न्हाई हरकत."

साहेबांनी बराच वेळ लिहिलं. मग टाइप करणाऱ्याला सांगितलं, "जामीनदार ही आरोपीची घरमालकीण, परिचित." आणि मला म्हणाले, "भाऊ म्हणालात ते मी लिहीत नाही. ते तुमचं तुम्ही घरी बघा."

रेशन कार्डाच्या मागे शिक्का मारला. ते जुनं कार्ड मी अजून ठेवलंय. नवी कार्डं आली तरी टाकवलं नाही.

तरी तो त्याच दिवशी आला नाही हं. कोर्टाचा कागद तुरुंगाच्या दारावरच्या पेटीत वेळेत पडावा लागतो, आमचा उशिरा पडला. पण ह्या वेळी आम्हाला माहीत होतं, त्यामुळे पुरण घातलं नाही. दुसऱ्या दिवशी भावजी स्वतः गेले आणि आपल्या मोटारसायकलवर मागे बसवून त्याला घेऊन आले, सगळ्या गावातून, मुद्दाम मोठ्या रस्त्याने. मी दारात भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. तो वाकला पाया पडायला आणि उठेचना. तुझी आई आतून म्हणाली, "उठा की आता, आक्काचे पाय दुखतेत." इतके दिवस त्याच्याशी एक अक्षर न बोललेली बाई!

लगेच आली भाऊबीज. त्या वर्षी मी चंद्राकडे बघितलंच नाही. तुझ्या बापाला पाटावर बसवलं. कोर्टात बोलून बसले होते, ते खरं करायला नको? ओवाळलं, आणि ताटात टाकायला त्याच्याकडे काही नव्हतं. काम तर गेलेलं. तो ताटाकडे बघत म्हणाला, "आक्का, एक बी तारीख चुकवणार नाही. तुमच्या रानाला डाग लागू देणार नाही. हीच ओवाळणी धरा."

तुझ्या आईचं माहेरी जाणं राहिलंच. तू माझ्या घरात झालीस. शेगडी मी पेटवली, डिंकाचे लाडू मी वळले. बारशाला तुझ्या कानात नाव मीच सांगितलं, आणि आत्या म्हणून सगळ्या बायकांनी माझ्या पाठीत असे धपाटे घातले की भावजी ओसरीवरून ओरडले, "आगं, हळू! जामीनदार हाय त्यो, मोडला तर कोर्ट इचारंल!"

आणि आता हे नीट ऐक. जिलेबीचं गाव आठवतं तुला? बाबा अधूनमधून सकाळी निघायचा, स्वच्छ शर्ट घालून, आणि संध्याकाळी कागदाच्या पुड्यात जिलेबी घेऊन यायचा. तू सगळ्यांना सांगायचीस, माझे बाबा जिलेबीच्या गावाला जातात. पोरी, ते जिलेबीचं गाव म्हणजे कोर्ट. प्रत्येक तारखेला तो आधी माझ्या ओट्याशी यायचा, "हजर झालो, आक्का," म्हणायचा, मगच खोलीकडे वळायचा. अंगात ताप असताना गेला. नवी नोकरी लागली, तिथली सुट्टी मिळेना, तर ती नोकरी सोडून गेला. शाळेच्या संमेलनात तू परी झाली होतीस आणि बाबा आला नाही म्हणून रडून रडून पंख ओले केलेस, ती तारीख होती. आजवर तू त्याला ते ऐकवतेस. त्याने एकदा तरी सांगितलं का तुला, मी कुठे होतो?

तू तिसरी-चौथीत असशील तेव्हा निकाल लागला. ज्याला डबा लागला होता तोच साक्षीत म्हणाला, हा सोडवायला आला होता. निर्दोष. त्या दिवशी जिलेबी पुड्यात नाही, पिशवीत आली, सगळ्या खोल्यांना पुरली. पुढे डबाही परत मिळाला, गळ्यात लाखेचा शिक्का बांधलेला. मी राखेने घासला. तुझा शाळेचा डबा म्हणून तूच तो पुढे नेलास, झाकणावर पोचा होता तो.

त्या चिंचवडच्या काकाला काय सांगायचं ते तू ठरव. माझं म्हणशील तर सांगावं, हो, होते तुरुंगात, आणि त्यांना तिथून आणायला माझी आत्या कोर्टात उभी राहिली. एवढं ऐकून जो उठून जाईल त्याला जाऊ दे. पण बापाकडे पाठ करून बसू नकोस. त्याला सवय नाही त्याची. तो आतमध्ये असतानासुद्धा तुझ्या आईने त्याच्याकडे पाठ केली नव्हती.

आता खोल्या राहिल्या नाहीत, तिथे तीन मजली इमारत झाली, खाली मोबाइलचं दुकान. पण विहिरीजवळचा तुकडा आहे. दोन्ही बाजूंना कंपन्यांच्या भिंती, मधे माझे वाफे. रोप टाकलंय, बोटभर आलंय, आणि मला वाकून खुरपवत नाही. भाऊबीज जवळ आली. तुझा बाप येणारच, तो आजवर चुकला नाही. ह्या खेपेला एकटा येऊ देऊ नकोस त्याला. गाडी तू चालव, त्याला मागे बसव, आणि वाटेत जिलेबी घ्यायला लाव. भावजी आता काठी घेऊन चालतात, पण रस्त्याकडे तोंड करून बसतात आणि कुठलीही गाडी आली की विचारतात, पाव्हणा आला का? त्यांना फार वाट बघायला लावू नका. लवकर या गं, दोघंही.